हाफकिन यांची एक बाटली

आमच्या नाशिक रोडला थंडी पडली की धाकट्या नातवाचा दमा डोके वर काढतो. मग रात्री-अपरात्री वाफेचे यंत्र टेबलावर येते. सूनबाई औषधाच्या पाकिटातून बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची कुपी काढते, तिचा शेंडा पिरगाळून तोडते आणि आतले औषध यंत्राच्या वाटीत पिळते. घरातल्या सगळ्यांचे डोळे पोराच्या छातीकडे लागलेले असतात. माझे मात्र त्या कुपीच्या तुटलेल्या तोंडाकडे जातात. कड स्वच्छ तुटली ना, कुठे तूस राहिले नाही ना, हे पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. सवयीला इलाज नाही. सिन्नरजवळच्या माळेगाव एमआयडीसीत मी बत्तीस वर्षे प्लॅस्टिकच्या बाटल्या फुगवण्याच्या आणि भरण्याच्या खात्यात काढली. दत्त मंदिराच्या स्टॉपवर कंपनीची बस पकडायची, आठ तास बाटल्यांची तोंडे बघायची आणि घरी येऊन डोळे मिटले की पुन्हा बाटल्याच दिसायच्या, असा तो संसार होता.

बाटली फुगवतात म्हणजे काय करतात, हे मला पाहुण्यारावळ्यांनी शेकडो वेळा विचारले आहे. वाचकहो, ते फार अवघड नाही. प्लॅस्टिकचे दाणे तापलेल्या नळीत पडतात. आतला मळसूत्री दांडा फिरत फिरत त्यांना वितळवतो आणि पुढे ढकलतो. सोऱ्यातून शेव उतरावी तशी वितळलेल्या प्लॅस्टिकची एक पोकळ नळी खाली उतरते. कारखान्यात तिला पॅरिसन म्हणतात. साच्याची दोन अर्धुके तिला दोन्हीकडून कवेत घेतात, आत दाबाची हवा सुटते आणि ती नळी फुग्यासारखी फुगून साच्याच्या भिंतीला चिकटते. साच्याच्या पोटातून थंड पाणी खेळत असते. बाटली गार झाली की साचा उघडतो. या सगळ्या खटाटोपात बहुतेक वेळ खर्च होतो तो गार होण्यात. म्हणून ज्याला तासाला चार बाटल्या जास्त काढायच्या असतील त्याचा हात पहिल्यांदा त्या गार होण्याच्या सेकंदांकडे जातो.

कार्यक्षमता हा शब्द आम्ही फळ्यावर रोज लिहायचो. तिचा हिशेब तीन आकड्यांचा. यंत्र ठरल्या वेळेपैकी किती वेळ चालले, ठरल्या वेगाच्या किती वेगाने चालले आणि निघालेल्या मालापैकी किती चांगला निघाला, या तिन्हींचा गुणाकार करायचा. वेळ शेकडा ९०, वेग शेकडा ९० आणि चांगला माल शेकडा ९५ असेल, तर कार्यक्षमता शेकडा ७७च्या आसपास येते. पहिले दोन आकडे पाळी संपताच हातात येतात. तिसरा मात्र कधी कधी फार उशिरा, दुसऱ्याच्या घरून येतो. हा तिसरा आकडा उशिरा आल्यामुळे एका थोर माणसाच्या आयुष्याची काय दशा झाली, ते मी निवृत्तीनंतर वाचले, आणि माझ्या स्वतःच्या एका जुन्या चुकीची आठवण इतकी ठसठसली की ती लिहून काढल्यावाचून सुटका नाही असे वाटले. तो माणूस म्हणजे वाल्डेमार हाफकिन. मुंबईत परळला ज्यांच्या नावाची संस्था आहे, तेच हे हाफकिन. नाव सगळ्यांना ठाऊक, पण माणूस फार थोड्यांना.

ओडेसाचा विद्यार्थी

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६०चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. घर ज्यू व्यापाऱ्याचे, मध्यम स्थितीतले. राज्य रशियाच्या झारचे. त्या राज्यात ज्यू असणे म्हणजे पावलोपावली दार बंद असणे. ओडेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले आणि त्यांना गुरू लाभले इल्या मेचनिकॉव, ज्यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यू वस्त्यांवर दंगेखोर चालून आले तेव्हा हा विद्यार्थी वस्तीच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत होता. त्यात तो जखमी झाला, पकडलाही गेला. पदवी मिळाली, पण प्राध्यापकीचे दार उघडायचे तर धर्म बदलावा लागणार होता. हाफकिन यांनी नकार दिला आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयातील वस्तू सांभाळत काही वर्षे काढली.

१८८८ साली त्यांनी देश सोडला. आधी जिनिव्हा, मग पॅरिस. लुई पाश्चर यांच्या संस्थेत मेचनिकॉव आधीच पोचले होते, पण शिष्यासाठी तिथे जागा होती ती ग्रंथालयातली. दिवसा पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत जंतू वाढवायचे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. त्यातून त्यांनी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी ती त्यांनी पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी दुखले, पण माणूस ठीक राहिला. आता प्रश्न होता की लस लागू पडते की नाही हे बघायचे कुठे? जिथे पटकीने माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत होती तिथे, म्हणजे हिंदुस्थानात.

१८९३च्या मार्चमध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले. ते वैद्यकीची पदवी घेतलेले डॉक्टर नव्हते, इंग्रज नव्हते, सरकारी वैद्यकीय सेवेतलेही नव्हते. रशियाचा प्रजाजन म्हणून साहेबलोक त्यांच्याकडे संशयाने पाहत आणि सुई घेऊन फिरणारा साहेब म्हणून गोरगरीब त्यांना भीत. तरीही वस्त्यावस्त्यांतून, चहामळ्यांतून आणि छावण्यांतून सव्वादोन-अडीच वर्षांत त्यांनी बेचाळीस हजारांवर लोकांना लस टोचली. हिवतापाने पार खंगले तेव्हा कुठे ते हवापालटासाठी विलायतेला गेले आणि बरे वाटताच परत आले.

एक खोली आणि एक ओसरी

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हाफकिन मुंबईत हजर झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली आणि एक ओसरी. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई.

त्या प्लेगने आमच्या नाशिककडे काय केले हे नवीन पिढीला सांगावे लागते. मुंबईहून सुटलेली माणसे रेल्वेने येत आणि त्यांच्याबरोबर रोगही येई. घरात उंदीर पडला की लोक दाराला कुलूप लावून गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहत. माझी आजी देवळाली गावातली. तिच्या लहानपणी वडीलधारी माणसे प्रत्येक गोष्टीचा काळ प्लेगच्या साली, प्लेगच्या आधी असाच मोजत, असे ती सांगे. इथून जवळच भगूर आहे. तिथे १८९९ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांचे वडील दामोदरपंत प्लेगनेच गेले. पुण्यात सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ला गेल्या, त्याही प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना. सरकारने सोल्जर घरात घुसवून तपासण्या चालवल्या, त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. अशा दिवसांत एका परदेशी माणसाने दंड पुढे करा म्हणणे ही लहान गोष्ट नव्हती.

त्या खोलीत हाफकिन यांनी जे केले ते बाटलीवाल्याच्या नजरेने बघण्यासारखे आहे. प्लेगचा जंतू त्यांनी मांसाच्या रश्श्यात वाढवला. मांस बकऱ्याचे घेतले, म्हणजे हिंदूंना गाईचा आणि मुसलमानांना डुकराचा संशय नको. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून जंतू खाली झुंबरासारखे लोंबत वाढत. चंबू हलवला की ते झुंबर तुटून तळाशी बसे आणि वर नवे वाढू लागे. असे काही आठवडे चालल्यावर चंबू सुमारे ७० अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे आणि थोडे कार्बोलिक आम्ल घालून लस बाटल्यांत भरायची. काम असे की एका मदतनिसाचा धीर सुटला, दोघे सोडून गेले. हाफकिन मात्र तिथेच होते. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी, पुढे इतरांना देत त्यापेक्षा कितीतरी मोठी, दहा घनसेंटिमीटरची मात्रा त्यांनी स्वतःला टोचून घेतली. अंगात सपाटून ताप असताना ते काम करत राहिले.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी सुमारे निम्म्यांनी आपण होऊन लस घेतली. पुढच्या काही दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी बाराजणांना प्लेग झाला आणि सहा दगावले. घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले, पण एकही गेला नाही. मी जेलरोडला राहतो. संध्याकाळी आमच्या मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीकडेने फिरताना मला पुष्कळदा भायखळ्याच्या त्या कैद्यांची आठवण येते. त्या भिंतीआडच्या माणसांनी बाहेरच्या शहाण्यासुरत्यांच्या आधी विश्वास टाकला.

तरुण आगाखानांनी चारचौघांसमोर स्वतः लस टोचून घेतली, आपल्या खोजा समाजातल्या हजारो लोकांना ती घ्यायला लावली आणि प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला. १८९९च्या ऑगस्टमध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात गेली. एका कारकुनापासून सुरू झालेल्या खात्यात आता पन्नासावर माणसे झाली. चंबू, चुली, बाटल्या, बुचे, चिठ्ठ्या, खोकी. प्रयोगशाळेचा कारखाना झाला.

पाच बाटल्या

कारखाना झाला की मागणी येते. १९०२ साली पंजाब सरकारने प्लेगवर लस टोचण्याची प्रचंड मोहीम आखली. लाखो मात्रा हव्या होत्या आणि त्याही हिवाळ्याच्या तोंडावर. रश्श्याची आठवडेच्या आठवडे घेणारी पद्धत त्या मागणीला पुरी पडेना. म्हणून हाफकिन यांनी जलद पद्धत घेतली. जंतू वाढवायला वेगळे माध्यम वापरले आणि कार्बोलिक आम्ल वगळून नुसत्या उष्णतेवर निर्जंतुकीकरण ठेवले. ही रीत पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आधीपासून वापरात होती. आमच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी एक टप्पा कमी करून लाइनचा वेग वाढवला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या गुजरात जिल्ह्यातील मुलकोवाल या गावात, जे आज पाकिस्तानात आहे, एकशेसातजणांना लस टोचण्यात आली. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या गेल्या. चार बाटल्यांतून टोचलेल्या अठ्ठ्याऐंशी माणसांना काही झाले नाही. पाचव्या बाटलीवर क्रमांक होता ५३ एन. तिच्यातून एकोणीसजणांना लस मिळाली. काही दिवसांत त्या एकोणीसही जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसही गेले.

आजवर गेलेल्या लाखो मात्रांच्या शेकडेवारीत ती एक बाटली दिसतसुद्धा नाही. पण मुलकोवालच्या एकोणीस घरांना शेकडेवारीशी काय करायचे होते? रोग होऊ नये म्हणून ज्यांनी दंड पुढे केला, त्यांच्याच घरी तिरड्या बांधल्या गेल्या. पंजाबची मोहीम कोसळली. आधीच बिचकलेले लोक लस म्हटले की दारे लावू लागले आणि प्लेग मात्र फिरतच राहिला.

सरकारने मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली. बाटली उघडण्याआधीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेत भरतानाच, तिच्यात धनुर्वाताचा जंतू गेला असला पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. कार्बोलिक वगळले हे सर्वांच्या डोळ्यांत भरले. टप्पा कमी केला ना, मग दोष तिथेच असणार! हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. १९०४ साली ते हिंदुस्थान सोडून विलायतेला गेले.

त्याच चौकशीच्या कागदांत एक साधी गोष्ट नोंदलेली होती. मुलकोवालला ५३ एनचे बूच काढताना मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, ज्योतीवर धरून तापवण्याऐवजी कार्बोलिकच्या पाण्यात खळबळला आणि त्याच चिमट्याने बूच ओढले. धनुर्वाताचा जंतू राहतो मातीत आणि गुराढोरांच्या शेणात. त्याचे बीज इतके चिवट असते की असे खळबळून ते मरत नाही. शिवाय डॉक्टरांनी उघडल्याबरोबर बाटलीचा वास घेतला होता आणि तिला घाण येत नव्हती. परळहून निघाल्यापासून तो जंतू बाटलीत वाढत असता, तर तिला दुर्गंधी आल्याशिवाय राहिली नसती. म्हणजे सर्व काही कागदावर होते. ते कागद लोकांपुढे मात्र कितीतरी वर्षे आले नाहीत.

माझी तीन दिवसांची गोष्ट

इथे मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. ती हाफकिन यांच्या गोष्टीच्या पायरीलाही उभी राहण्याजोगी नाही, पण तिच्यावाचून मला ही गोष्ट कळली नसती.

वर्षे झाली आता. आमच्याकडे खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या निघत. फुगवणारे यंत्र एका टोकाला आणि भरून बूच बसवण्याचे टेबल दुसऱ्या टोकाला. पावसाळा आला की मागणी दुप्पट होई. तशातच एका पाळीत मी साचा गार होण्याचा वेळ दोन सेकंदांनी कमी केला. फळ्यावर माझ्या पाळीचा आकडा सर्वांत वर गेला. साहेबांनी पाठ थोपटली. पण बाटली पुरती गार न होता साच्याबाहेर पडली की बाहेर आल्यावर आकसते आणि तिचा गोल गळा किंचित लंबगोल होतो. डोळ्यांना ते दिसत नाही. बूच वर घट्ट बसते, पण एका अंगाला केसाएवढी फट राहते. माल ट्रकमध्ये आडवा-उभा हिंदकळला आणि गावी पोचेपर्यंत खोकी खालून चिकट झाली. सगळा माल परत आला.

चौकशी झाली. गळती बुचाशी आहे, तेव्हा बूच बसवणाऱ्याचा दोष, असे सरळ गणित मांडले गेले. टेबलावर एक मावशी होत्या, रोजंदारीवर. त्यांनी बुचे सैल बसवली असे ठरले आणि त्यांना घरी बसवण्यात आले. पाळीच्या वहीत माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीने गार होण्याच्या वेळेची नोंद होती. ती वही कोणी उघडली नाही. मी उघडली, वाचली, मिटली आणि तीन दिवस गप्प बसलो. पगारवाढीचा महिना होता, एवढेच कारण.

चौथ्या दिवशी परत आलेल्या मालातल्या दहा बाटल्यांचे गळे कापून, मापाची कडी प्रत्येकात अडकते कशी हे दाखवायला मी साहेबांच्या टेबलाशी गेलो. वहीही नेली. माझी पगारवाढ गेली आणि मावशी परत आल्या. त्यांचा बुडालेला रोज बुडाला तो बुडालाच. मी माफी मागितली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. एरवी मधल्या सुट्टीत आमच्या टेबलाशी डबा उघडायच्या, ते मात्र त्यांनी त्यानंतर सोडले.

म्हणून मुलकोवालची हकिगत वाचताना मी दचकलो. आमच्याकडे दोष यंत्रापाशी होता आणि शिक्षा बुचापाशी झाली. तिकडे दोष बुचापाशी होता आणि शिक्षा यंत्रापाशी, म्हणजे प्रयोगशाळेला झाली. दोन्हीकडे लिहिलेले होते. दोन्हीकडे ते आधी वाचले गेले नाही. वेग वाढवण्यात पाप नाही. माझ्या बाबतीत वेग दोषी निघाला, हाफकिन यांच्या बाबतीत निर्दोष. कोणता तो ठरवायचे तर वही उघडावी लागते आणि बाटली एका हातातून दुसऱ्या हातात कुठे जाते ते बघावे लागते. बहुधा घात तिथेच होतो.

उशिरा आलेला न्याय

हाफकिन यांच्या बाजूने बोलायला माणसे उभी राहिली ती पाच वर्षांनी. कागद प्रसिद्ध झाले आणि १९०७ साली हिवतापाचे कोडे सोडवणारे रोनाल्ड रॉस यांनी ते उचलून धरले. त्या वर्षी २९ जुलैला लंडनच्या टाइम्समध्ये रॉस यांच्यासह दहा नामवंत जंतुशास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र आले. प्रयोगशाळेवरचा आरोप सिद्ध झालेला नाही, उलट बाटली मुलकोवाललाच दूषित झाली असा सबळ पुरावा आहे, असे त्यांनी जगाला सांगितले. फ्रान्समध्ये कॅप्टन ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्यावर खोटा ठपका ठेवल्याचे प्रकरण तेव्हा ताजे होते. हाफकिन यांच्या प्रकरणाला लोक धाकटे ड्रायफस प्रकरण म्हणू लागले. सरकारला माघार घ्यावी लागली आणि हाफकिन हिंदुस्थानात परत आले.

परत आले, पण परळला नाही. त्यांच्या जागी दुसरे आले होते. त्यांना कलकत्त्याला काम मिळाले आणि तेही पूर्वीसारख्या मोकळ्या हाताने नव्हे. ज्याने स्वतःच्या अंगात अनोळखी लस घातली, त्याला नवे प्रयोग माणसांवर करायची मुभा राहिली नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाशी ते निवृत्त झाले आणि युरोपात गेले. लग्न त्यांनी केले नव्हते. उतारवयात ते धर्माकडे अधिक वळले. जवळचा पैसा त्यांनी ज्यू मुलांच्या धार्मिक पाठशाळांसाठी ठेवला. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे ते गेले.

जाण्याआधी एक समाधान मात्र त्यांच्या वाट्याला आले. १९२५ साली परळच्या त्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. १८९७पासून त्या सालापर्यंत मुंबईहून प्लेगच्या लसीच्या सुमारे दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. १९६४ साली स्वतंत्र भारताने त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. पण ऐन बेचाळिशीत, जेव्हा हात सर्वांत तयार होता, तेव्हा हिरावली गेलेली वर्षे कोण देणार? मुलकोवालच्या एकोणीसजणांना कोण देणार?

कुपीचा शेंडा

आता पुन्हा नातवाच्या कुपीकडे येतो. ही कुपी ज्या यंत्रात जन्मते त्यात प्लॅस्टिकची नळी उतरते, साचा मिटतो, गाळून निर्जंतुक केलेल्या हवेने कुपी फुगते, त्याच क्षणी वरून आलेल्या बारीक नळ्यांनी औषध भरले जाते आणि साच्याचा वरचा भाग मिटून तोंड सांधले जाते. फुगवणे, भरणे, बंद करणे हे सारे एका जागी, काही सेकंदांत, बंदिस्त शुद्ध हवेत होते. रिकामी बाटली धुवायची, वाळवायची, नेऊन ठेवायची, बूच आणायचे, हे सगळे टप्पे गेले. कार्यक्षमता वाढली ती तर खरीच. पण माझ्या मते मोठी गोष्ट ही की मध्ये कोणाचा हात येत नाही, चिमटा येत नाही, पडायला जमीनही येत नाही. आणि कुपी एकाच वेळेपुरती असल्यामुळे एकीत चूक झाली तरी एकोणीसजणांपर्यंत पोचत नाही.

अर्थात प्रत्येक औषधाला अशी कुपी देता येत नाही. २०२१ साली कोरोनाच्या लसीसाठी आपण सगळे रांगेत उभे राहिलो तेव्हा कोविशील्डच्या काचेच्या एका बाटलीत दहाजणांची लस असे. बाटली टोचली की चार तासांत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. रांगेत पुढे सरकताना मी सिस्टरबाईंचे हात बघत होतो. प्रत्येकाला नवी सुई, प्रत्येक वेळी झाकण पुसणे, बाटली उघडल्याची वेळ लिहिणे. मागच्या एक गृहस्थांना ते लिहिणे म्हणजे वेळकाढूपणा वाटत होता. मला मात्र त्या पेनाच्या चार अक्षरांत मुलकोवाल दिसत होते.

परवा रात्री पुन्हा नातवाची छाती भरली. सूनबाई कुपी घेऊन बसली आणि घाईत ती तिच्या हातून निसटून फरशीवर पडली. बंदच होती, काही झाले नव्हते. तरीही तिने ती उचलून बाजूला ठेवली, हात धुतले आणि पाकिटातून दुसरी काढली. पाच-सहा रुपयांच्या त्या कुपीचा मी मनात हिशेब केला आणि तो तिथेच सोडून दिला. तिने शेंडा पिरगाळला. कड स्वच्छ तुटली होती. थोड्या वेळाने पोराचा श्वास खाली बसला आणि मग आम्ही सगळे झोपलो.